मागितलेले काम, न मिळालेला भत्ता

बेकारी भत्ता हा पाश्चात्त्य देशांतला प्रकार आहे, भारतात तो नाही, असे सर्रास बोलले जाते. ग्रामीण महाराष्ट्रापुरते ते खरे नाही. ‘महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७’ हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम द्यायचे आणि ते देता आले नाही तर भत्ता द्यायचा, ही जबाबदारी त्या कायद्याने राज्यावर टाकली. पुढे २००५ मध्ये केंद्राने केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही हीच तरतूद अधिक नेमकेपणाने आली. म्हणजे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटच्या शेतमजुराला बेकारी भत्त्याचा कायदेशीर हक्क होता. त्याच सुमारास अमेरिकेत बेकारांना आठवड्याला किती डॉलर द्यावेत यावर संसदेत रणे माजत होती. कोरीटसारख्या गावातला वाद आकड्यांनी लहान असला तरी मुद्दा तोच होता. काम बंद असताना माणसाने काय खायचे, आणि काम सुरू होईल तेव्हा त्याची कमीत कमी किंमत कोणी ठरवायची?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ६९ टक्के आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची या इथल्या प्रमुख जमाती. अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके सातपुड्यातले, तर शहादा आणि नंदुरबार हे तापीच्या खोऱ्यातले. कापूस, ऊस, केळी, पपई आणि मिरची ही सपाटीवरची नगदी पिके. हिवाळ्यात नंदुरबार शहराच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या लागतात. लाल मिरची वाळवणे, निवडणे, देठ खुडणे ही कामे बायका करतात आणि वजनावर किंवा रोजावर पैसे घेतात. मार्चअखेर हा हंगाम ओसरत येतो, कापसाची वेचणीही संपलेली असते. तिथून पावसाळ्यापर्यंतचे महिने शेतात काम नसलेले.

या रिकाम्या काळावर जिल्ह्याने शोधलेले जुने उत्तर म्हणजे गुजरात. बारडोली, सुरत, नवसारी भागातल्या साखर कारखान्यांना ऊस तोडायला खानदेशातून टोळ्या जातात. मुकादम आधी उचल देतो आणि हंगामभराची तोड त्या उचलीत वळती होते. तोडणाऱ्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मजुरीचा हिशेब माणसावर नसतो, कोयत्यावर आणि टनावर असतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या उसात खपणाऱ्या खानदेशी टोळ्यांवर सविस्तर लिहिले. चाळीस वर्षांनी टाळेबंदी लागली तेव्हाही कामाची घडण फारशी बदललेली नव्हती. २५ मार्च २०२० नंतर सुरतेतले बांधकाम, कापड गिरण्या, हिऱ्यांचे कारखाने बंद पडले आणि खानदेशी मजूर नवापूरच्या वाटेने पायी परतू लागले. पाठीवर बोचके, बरोबर मुले, हातात हिशेब अर्धवट राहिलेली मजुरी. महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी जाण्याची परवानगी राज्य सरकारने १७ एप्रिलला दिली.

परतलेल्या माणसाला गावात कायद्याने काय मिळू शकत होते, हे नीट पाहायला हवे, कारण वादाचा सगळा गाभा त्या कागदांत आहे.

प्रथम जॉब कार्ड. ते कुटुंबाच्या नावाने असते. मग काम मागणीचा अर्ज, ज्याला महाराष्ट्रात ‘नमुना ४’ म्हणतात. तो ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाकडे द्यायचा. सलग किमान चौदा दिवसांचे काम मागायचे. अर्ज घेतल्यावर तारखेसह पोचपावती मिळायला हवी, ती ‘नमुना ५’. या पावतीच्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायचे. तेवढ्यात काम मिळाले नाही, तर सोळाव्या दिवसापासून बेकारी भत्ता सुरू होतो. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, त्यानंतर वर्षाच्या उरलेल्या काळात किमान निम्मा. काम शक्यतो पाच किलोमीटरच्या आत द्यायचे, त्यापलीकडे दिले तर दहा टक्के मजुरी जास्त. काम दिल्याचे कळवूनही माणूस पंधरा दिवसांत हजर झाला नाही, तर त्याला तीन महिने भत्ता मागता येत नाही. भत्ता दिला की लोक आळशी होतात, या आक्षेपाला कायद्याने असे आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. काम नाकारणाऱ्याला भत्ता मिळतच नाही. भत्ता मिळतो तो काम मागूनही न मिळालेल्याला.

आता आकडे. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये झाली, आधी ती २०६ होती. २३८ चा पाव हिस्सा साडेएकोणसाठ रुपये आणि निम्मा हिस्सा ११९. एखाद्या कुटुंबाने शंभर दिवस काम मागितले आणि एकही दिवस मिळाले नाही, तर तीस दिवसांचे १,७८५ आणि सत्तर दिवसांचे ८,३३० मिळून १०,११५ रुपये भत्ता निघतो. तेच शंभर दिवस पूर्ण काम मिळाले तर २३,८०० रुपये. वर्षभराच्या जगण्याला यातली कोणतीच रक्कम पुरत नाही. तरीही टाळेबंदीच्या उन्हाळ्यात दहा हजार रुपये हातात पडणे आणि न पडणे यात किराणा दुकानदाराच्या आणि मुकादमाच्या वहीतल्या उधारीचा फरक होता, आणि मुकादमाची उधारी म्हणजे पुढच्या हंगामाची वेठच.

हा भत्ता प्रत्यक्षात देशभर फारच क्वचित दिला गेला आहे. कारण कायद्याच्या रचनेतच आहे. २००५ च्या कायद्यानुसार मजुरीचे पैसे केंद्राचे, पण भत्त्याचा बोजा राज्यावर. काम वेळेत दिले नाही म्हणून राज्याला दंड बसावा, हा त्यामागचा विचार होता आणि तो तर्काने बरोबर होता. व्यवहारात मात्र दंड टाळायचा सोपा मार्ग निघाला, तो म्हणजे पोचपावतीच न देणे. अर्ज तोंडी ऐकायचा, ‘काम निघाले की सांगू’ म्हणायचे. किंवा हजेरीपट तयार झाल्यावर मागणीची तारीख मागाहून भरायची. संगणकात मागणी आणि काम एकाच दिवशी दिसते, आणि नोंदीनुसार त्या गावात कोणीही बेकार राहिलेला नसतो. टाळेबंदीत ग्रामपंचायतीची दारे बंद असताना अर्ज कोणाच्या हातात द्यायचा, हाच प्रश्न होता.

भत्ता मिळवता येतो, हेही याच भागात दिसले आहे. राज्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशातला बडवानी जिल्हा नंदुरबारला लागून आहे. दोन्ही जिल्हे २ फेब्रुवारी २००६ रोजी कायद्याच्या पहिल्या टप्प्यात आले. बडवानीच्या पाटी तालुक्यात जागृत आदिवासी दलित संघटनेने गावोगाव लेखी अर्ज भरून घेतले, पावत्या मिळेपर्यंत कार्यालयासमोरून लोक हलले नाहीत, आणि काम न मिळालेल्या मजुरांना शासनाकडून बेकारी भत्ता घेऊन दिला. देशातल्या सुरुवातीच्या अशा उदाहरणांपैकी ते एक. कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच होता. पलीकडे पावतीचा आग्रह धरणारी संघटना होती, एवढ्याने निकाल बदलला.

किमान मजुरीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९४८ चा किमान वेतन कायदा राज्यांना शेतमजुरीचे दर ठरवायला सांगत असे. सरकार स्वतः मजूर लावते तेव्हा त्याने तरी हा दर पाळावा, ही साधी अपेक्षा. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात ती कायम केली. खटला दुष्काळी कामांचा होता. मदतीचे काम असले तरी किमान मजुरीपेक्षा कमी पैसे देणे ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने मनाई केलेली वेठबिगारी आहे, असे न्यायालयाने म्हटले. पोट हातावर असलेला माणूस कमी मजुरीला ‘हो’ म्हणतो तेव्हा ती त्याची संमती नसते, भूक त्याला तिथे आणते, हा या निकालामागचा विचार. टाळेबंदीत गावी परतलेल्या मजुरावर तो शब्दशः लागू पडत होता.

२००५ च्या कायद्याने मात्र या तत्त्वाला एक फट ठेवली. त्याच्या सहाव्या कलमानुसार केंद्र सरकार, किमान वेतन कायद्यात काहीही असले तरी, स्वतःचा वेगळा दर जाहीर करू शकत होते. १ जानेवारी २००९ च्या अधिसूचनेने तसा दर लागू झाला आणि मजुरीची मर्यादा शंभर रुपयांवर गोठली. काही राज्यांत शेतमजुरीचा दर त्याहून जास्त होता, तिथे सरकारी काम कायदेशीर किमानाच्या खाली गेले. २०११ पासून हमीच्या मजुरीची शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी सांगड घातली गेली, पण खालच्या पायावरून वाढ मोजली की ती खालीच राहते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने किमान मजुरीपेक्षा कमी देता येणार नाही असा निर्णय दिला, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती नाकारली. महेंद्र देव समितीने २०१४ मध्ये राज्याची किमान शेतमजुरी आणि हमीची मजुरी यांतली जी जास्त असेल ती द्यावी, अशी शिफारस केली. २०१९ च्या वेतन संहितेने रोजगार हमीला पुन्हा आपल्या कक्षेबाहेर ठेवले. त्याच वर्षी जानेवारीत अनुप सत्पथी समितीने उष्मांक, प्रथिने, कपडा आणि घरभाडे धरून देशासाठी दिवसाला ३७५ रुपये किमान वेतन सुचवले होते. साथीच्या वर्षात महाराष्ट्राचे २३८ रुपये या मोजणीच्या दोन-तृतीयांशाहून कमी होते.

आणि २३८ हीसुद्धा हातात पडणारी रक्कम नव्हे. हमीवरची बहुतेक कामे मोजमापावर असतात. चर खोदायचा असेल तर लांबी, रुंदी, खोली मोजून घनमीटर काढले जातात. माती मऊ आहे, मुरूम आहे की कठीण मुरूम, माती किती लांब टाकली, किती उंच उचलली, यावर दर बदलतो. अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि गटाची कमाई हजेरीवर वाटली जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी मे महिन्यात भाजून दगड झालेल्या जमिनीत टिकाव मारणाऱ्या गटाचे दिवसभर राबूनही दरसूचीतले ठरलेले काम पूर्ण होत नाही, मग मजुरी दीडशे-पावणेदोनशेवर येते. जोडीला पोरसवदा मुलगा आणि लेकुरवाळी बाई असेल तर आणखी कमी. कामावर सावली, पाणी आणि पाळणाघर द्यावे असे नियमात आहे. तान्ह्या मुलाला बांधावरच्या झाडाला झोळी करून निजवावे लागते तिथे ती बाई घमेली किती उचलणार?

पैसे खात्यात यायलाही वेळ लागतो. हजेरीपट संपल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी मिळायला हवी, उशीर झाला तर दर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. चौदा दिवसांच्या पूर्ण मजुरीवर, म्हणजे ३,३३२ रुपयांवर, ही भरपाई रोज पावणेदोन रुपयांच्याही आत राहते. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेत ही भरपाई पूर्ण उशिराची द्यायला बजावले होते. पैसे खात्यात जमा झाल्यावर ते काढण्यासाठी बँकेपर्यंत जावे लागे, आणि एसटी बंद होती.

महाराष्ट्रात हा सारा विचार पन्नास वर्षांपूर्वी झाला होता, आणि त्यातला महत्त्वाचा भाग आजच्या नंदुरबार जिल्ह्यातच झाला. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, ही कल्पना त्यांनी १९६५ पासून मांडली आणि तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तिला राज्यव्यापी रूप आले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पैसा कोठून आणायचा, याचेही उत्तर महाराष्ट्राने शोधले. १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याने शहरातल्या पगारदारांकडून आणि व्यावसायिकांकडून कर घ्यायचा, तितकीच भर सरकारने घालायची, आणि तो पैसा रोजगार हमीवर खर्च करायचा. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ या नावाने कापली जाणारी रक्कम म्हणजे धडगावच्या मजुराच्या कामाचा निधी. शहर आणि खेडे यांना बांधणारी इतकी सरळ तरतूद देशात क्वचितच कोणत्या राज्याने केली असेल.

त्याच वर्षांत शहाद्याला भिल्ल शेतमजुरांचा लढा उभा राहिला. गमावलेल्या जमिनी आणि सालदारांची पिळवणूक ही त्याची कारणे. सालदार म्हणजे वर्षाच्या ठरावावर राबणारा गडी; रात्री पाणी भरण्यापासून मालकाची गुरे सांभाळण्यापर्यंत सगळे त्याच्याकडे, आणि सुट्टी नाही. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यासाठी आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि असंतोष पेटला. अंबरसिंग सुरतवंती हे या चळवळीचे पहिले मोठे आदिवासी नेते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. वाहरू सोनवणे, कुमार शिराळकर यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्यात घडले. जमिनीच्या मागणीबरोबरच सालदारांचे वेतन, कायद्याने ठरलेली किमान मजुरी आणि रोजगार हमीची कामे या तिच्या मागण्या होत्या. या तिन्ही मागण्या एकत्र येणे साहजिक होते. गावाजवळ सरकारी काम ठरल्या दराने मिळत असेल, तर सालदाराला मालकाशी बोलताना पाठबळ मिळते. काम मिळेल ही खात्रीच खाजगी मजुरीचा तळ वर उचलते. शहाद्याच्या मजुरांना हे कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळले होते.

म्हणूनच मालक वर्गाचा विरोधही तेव्हापासूनचा. हमीची मजुरी शेतमजुरीपेक्षा कमीच ठेवावी, नाहीतर शेतीला माणसे मिळणार नाहीत, हा युक्तिवाद योजनेच्या पहिल्या वर्षांपासून होत आला. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून शेतीच्या हंगामात तीन महिने रोजगार हमीची कामे थांबवावीत, असे सुचवले होते. या तक्रारीत तथ्य आहे, ते नाकारून चालत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कोरडवाहू शेतकऱ्याला मजुरीचा भाव परवडत नाही, कारण त्याच्या कापसालाच भाव नसतो. पण कापसाला मिळत नसलेल्या भावाची किंमत वेचणाऱ्या बाईने द्यावी, हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. शिवाय टाळेबंदी लागली ती मार्चअखेर, म्हणजे शेतीला मजूर नकोच असलेल्या दिवसांत. त्या वर्षी हा आक्षेप गैरलागू होता.

मजुरी वाढवली आणि पैसा वाढवला नाही तर काय होते, याचा धडाही महाराष्ट्राकडेच आहे. मे १९८८ मध्ये राज्याने अकुशल शेतमजुरीचा किमान दर सहा रुपयांवरून बारा रुपये केला, आणि हमीची मजुरी त्याच्याशी जोडलेली असल्याने तीही दुप्पट झाली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी नंतरच्या आकड्यांचा अभ्यास केला. वाढीनंतर कामांवरची हजेरी घटली आणि मागेल त्याला काम मिळेनासे झाले, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. काम ‘हमी’चे राहिले नाही, वाटून देण्याचे झाले. मजुरीवाढीच्या विरोधकांनी हा अभ्यास पुष्कळ वापरला. पण वाढलेल्या मजुरीला पुरेल एवढा निधी दिला नाही, की नवी कामे सुरू न करून खर्च आटोक्यात ठेवला जातो, आणि हमी कागदावर शाबूत राहते. चूक मजुरीची नसते, तिजोरीला कुलूप लावणाऱ्याची असते.

२०२० मध्ये हीच परीक्षा देशपातळीवर झाली. २६ मार्चला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी हमीची सरासरी मजुरी १८२ वरून २०२ रुपये केल्याचे सांगितले. त्यातून मजुराला वर्षाला दोन हजार रुपये जास्त मिळतील, असा हिशेब दिला गेला. हा हिशेब शंभर दिवस काम मिळाले तरचा. त्या घोषणेच्या दिवशी मात्र सगळी कामे बंद होती. ती २० एप्रिलपासून अंतर राखून, तोंडाला रुमाल बांधून सुरू झाली. जलसंधारणाला प्राधान्य मिळाले, आणि विहीर, शेततळे, घरकुल, फळबाग ही थोड्या माणसांत होणारी कामे सोयीची ठरली. १७ मे रोजी आधीच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत ४०,००० कोटींची भर पडली. २०२०-२१ मध्ये देशभर साडेसात कोटींवर कुटुंबांनी काम केले आणि सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले, योजनेच्या इतिहासात सर्वाधिक. शंभर दिवस पूर्ण झालेली कुटुंबे मात्र सुमारे ७२ लाखच होती. सरासरी कुटुंबामागे ५१-५२ दिवसांची आली.

या उच्चांकात महाराष्ट्राचा वाटा मान खाली घालायला लावणारा आहे. लोकसंख्येने लहान असलेल्या राजस्थानात त्या वर्षी ४५ कोटींहून अधिक मनुष्यदिवस काम झाले, महाराष्ट्रात सात कोटींच्या आत. आणि महाराष्ट्राच्या कायद्यात तर शंभर दिवसांनंतरचे कामही राज्याच्या खर्चाने वर्षभर देण्याची तयारी आहे. ज्या राज्याने देशाला हमी दिली, तिथे कामांचा शेल्फ (आधीच मंजूर करून ठेवलेल्या कामांची यादी), तांत्रिक मंजुरी आणि अभियंत्यांची संख्या एवढी तोकडी पडली. केंद्राने २० जून २०२० रोजी परतलेल्या मजुरांसाठी गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू केले ते सहा राज्यांतल्या ११६ जिल्ह्यांसाठी. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, झारखंड आणि ओडिशा ही ती राज्ये. नंदुरबार त्यात नव्हता. महाराष्ट्र हे मजूर सोडून जातात ते राज्य मानले गेले, आणि इथलेही मजूर दुसऱ्या राज्यातून परततात हे हिशेबात आले नाही.

शहरातल्या नोकरदारासाठी बेकारी भत्ता वेगळ्या दाराने आला. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना जुलै २०१८ पासून आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला नव्वद दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या २५ टक्के मिळत. साथीत हे प्रमाण ५० टक्के झाले आणि नव्वद दिवस थांबण्याची अट तीस दिवसांवर आली. ज्याचे नाव कोणत्याही कारखान्याच्या पगारपत्रकावर नाही, अशा ऊसतोड्याचा किंवा सुरतेच्या बांधकामावरच्या बिगाऱ्याचा तिच्याशी संबंध नव्हता. टाळेबंदीच्या काळातली मजुरी मालकांनी पूर्ण द्यावी, हा केंद्रीय गृह मंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश मेच्या मध्यात मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसात तडजोड करायला सांगितले. उचल घेतलेल्या मजुराने मुकादमाशी कोणत्या बळावर तडजोड करायची?

अमेरिकेत याच्या नेमका उलट वाद होता. मार्च २०२० च्या कायद्याने बेकारांना राज्यांच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळू लागले, जुलैअखेरपर्यंत. शिकागो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवले, की भत्त्याला पात्र असलेल्या दोन-तृतीयांश लोकांना गमावलेल्या पगारापेक्षा जास्त पैसे मिळत होते. विरोधक म्हणाले, लोक कामावर परतणार नाहीत. समर्थकांनी बोट ठेवले ते पगारावर: २००९ पासून केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलरवर थांबले आहे, मग भत्ता जास्त वाटणारच. नंदुरबारमध्ये भत्ता मजुरीपेक्षा जास्त होण्याचा धोका कायद्यानेच नव्हता. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. भत्त्याची रक्कम मजुरीच्या तुलनेत मोजली जाते, म्हणून मजुरीच तुटपुंजी असेल तर भत्ताही एक तर हास्यास्पद ठरतो किंवा अवाजवी वाटतो.

राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी वेगळी वाट काढली. पावसाळ्यात आदिवासींना धान्य आणि थोडी रोकड देणारी खावटी कर्ज योजना १९७८ ची. ती काही वर्षे बंद पडली होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती कर्जाऐवजी पूर्ण अनुदान म्हणून पुन्हा आणली गेली. तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री के. सी. पाडवी हे याच जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याचे आमदार होते. ११ लाख ५५ हजार कुटुंबांना प्रत्येकी चार हजार रुपये, त्यातले दोन हजार खात्यात आणि दोन हजारांचे कडधान्य, डाळ, तेल, साखर, मीठ, तिखट, चहा. पात्रतेतला एक निकष लक्षात घेण्याजोगा आहे: आदल्या वर्षात रोजगार हमीवर एक दिवस जरी काम केले असेल, तरी ते कुटुंब पात्र. हजेरीपटावरचा एक दिवस पुढे मदतीचा पुरावा झाला, आणि ज्यांना कामच मिळाले नव्हते त्यांना इतर निकषांतून यावे लागले. वाटप बहुतेक ठिकाणी २०२१ मध्ये झाले, दुसरी लाट आल्यावर. पावसाळ्यातल्या उपासमारीसाठीची मदत पुढच्या पावसाळ्याला पोचणे, हे योजनेचे सर्वांत मोठे अपयश. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने नोंदीत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, रिक्षाचालक आणि फेरीवाल्यांना दीड हजार रुपये जाहीर केले; खावटीतल्या कुटुंबांना दोन हजार. शेतमजूर असा वेगळा वर्ग त्या यादीत नव्हता, कारण शेतमजुरांची वेगळी नोंदच तेव्हा कुठे नव्हती. जॉब कार्ड हीच तेव्हा मजूर म्हणून त्यांची सरकारी ओळख होती, आणि ती मदतीसाठी थेट वापरता आली असती.

साथ ओसरल्यावर दर वाढत गेले, पण सावकाश. महाराष्ट्रातली हमीची मजुरी २०२१-२२ मध्ये २४८ आणि २०२२-२३ मध्ये २५६ रुपये झाली. केंद्राची तरतूद मात्र १,११,५०० कोटींच्या सुधारित अंदाजावरून २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात ७३,००० कोटींवर आली. ग्रामीण विकासविषयक संसदीय स्थायी समितीने फेब्रुवारी २०२२ मध्ये हमीचे दिवस शंभरावरून दीडशे करण्याची आणि सर्व राज्यांत मजुरी सारखी ठेवण्याची शिफारस केली. गुजरात सरकारने ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. त्यासाठी मजूर संघटनांना अनेक वर्षे झगडावे लागले, आणि नंदुरबारच्या कोयत्यांना त्याचा थेट लाभ आहे, मुकादमाने उचलीच्या हिशेबात तो दर धरला तर. बेकारी भत्त्याच्या कलमात मात्र या काळात कोणताही बदल झाला नाही. पाव हिस्सा, निम्मा हिस्सा, बोजा राज्यावर आणि पंधरा दिवसांची मोजणी पोचपावतीच्या तारखेपासून. भत्त्याचा खर्च केंद्र-राज्याने वाटून घ्यावा, मागणीची नोंद ग्रामपंचायतीच्या बाहेरूनही, म्हणजे टपाल कार्यालयात, तलाठ्याकडे किंवा फोनवरून करता यावी, आणि पंधरा दिवस उलटताच भत्ता अर्जाशिवाय खात्यात जमा व्हावा, एवढ्या तीन दुरुस्त्या केल्या तर कोरीटच्या मजुराला पुढच्या टाळेबंदीत किंवा पुढच्या दुष्काळात कायद्याचे पैसे वेळेवर मिळू शकतील.